थिओफिलसच्या नावाचा तुरुंग

थिओफिलस लॅशलीला स्वातंत्र्य मागितल्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यातली दोन भोगून होतात न होतात तोच बेटाला स्वातंत्र्य मिळालं. यात घाई नक्की कोणाची झाली, हे सरकारला अजून ठरवता आलेलं नाही.

उसाच्या मळ्यांत संप पेटला तेव्हा तो साखर कारखान्याच्या फाटकापाशी रमच्या पिंपावर चढून ओरडला होता, "गोऱ्यांनो, चालते व्हा!" आता गोरे खरोखरच चालते झाले होते. त्या सकाळी थिओफिलसनं बोचकं बांधलं. बाहेर बायको मर्टल भाजलेला नीरफणस आणि खारा मासा घेऊन उभी होती.

"कुठं निघालास?" तुरुंगाधिकारी ओगलनी विचारलं.

"घरी. देश स्वतंत्र झाला ना, साहेब?"

"देश झाला. तुझ्याबद्दल काही आदेश नाही." ओगलनी नवी कोरी राज्यघटना उघडली. "हे बघ. जुने सगळे कायदे जसेच्या तसे लागू राहतील."

"स्वातंत्र्य मागायचं नाही, हासुद्धा?"

"तो तर आधी. आता मिळालंय म्हटल्यावर मागायचं कारणच काय?"

थिओफिलसनं पंतप्रधानांकडे अर्ज केला. पंतप्रधान रोलंड गिटन्स म्हणजे त्याच पिंपावर शेजारी उभा राहिलेला गडी. पोलीस दिसताच तो घटनेच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेला होता. तो जातीनं तुरुंगात आला आणि मिठी मारून ढसाढसा रडला.

"थिओ, तुझ्यामुळं हा देश उभा आहे!"

"मग मला बसव की जरा घरी नेऊन."

"त्यासाठी कायदा रद्द करावा लागेल, गड्या. इकडं गोदीवाल्यांनी संपाची नोटीस दिलीय. तो कायदा गेला तर त्यांना मी कशाखाली आत घालू?"

तरीही सरकार कृतघ्न नव्हतं. तुरुंगाला थिओफिलसचं नाव देण्यात आलं. त्याचा दुसरा अर्ज फेटाळल्याचं पत्र तुरुंगाच्या, म्हणजे त्याच्याच नावाच्या छापील कागदावर आलं. पुढं तुरुंग राष्ट्रीय स्मारक ठरला आणि स्मारकातली कोणतीही मूळ वस्तू बाहेर नेण्यास मनाई झाली. वस्तूंची यादी भिंतीवर लागली: बादली, घोंगडी, थिओफिलस.

"म्हणजे सहा वर्षं भरली तरी?" त्यानं विचारलं.

"शिक्षा संपेल रे," ओगल म्हणाले. "स्मारक कसं संपेल?"

थिओफिलसला गोऱ्यांची कधी भीती वाटली नव्हती. आता मात्र आपल्याच लोकांची वाटली.

स्वातंत्र्यदिनी रांग लागली. लोकांनी कोठडीपुढं राष्ट्रगीत म्हटलं, डोळे पुसले. मर्टल सुटकेच्या अर्जावर सह्या मागत फिरत होती. एका सज्जन गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला, पेन उघडलं आणि पुन्हा खिशाला लावलं.

"बाई, काहीतरी केलं असेल त्यानं. उगाच का कोणी आत ठेवतं?"

"केलं ना," मर्टल म्हणाली. "आज तुम्हाला सुट्टी आहे ना, ती त्याच्याचमुळं."