शांतारामचे आठ कामगार

साल दोन हजार तेवीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्याच वयाचा शांताराम आमच्या दासगावात रोज सकाळी एका डब्याला हाका मारून उठवायचा. "उठा रे आठ जण! लागा कामाला!" डबा म्हणजे त्याच्या पोराने पुण्याहून धाडलेला लॅपटॉप. त्याच्या आत आठ कामगार असतात म्हणे. कोर म्हणतात त्यांना. आल्यागेल्याला शांताराम ऐकवायचा, "कामाला आठ जण, खायाला एक पण नाय."

हा आयुष्यभर बिरवाडीला कारखान्याच्या गेटावर वॉचमन. गाड्यांचे नंबर लिहिण्यापलीकडे काही केलं नाही. निवृत्त झाला आणि मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकला. गावात पूर आला होता, त्यात भिजलेले लोकांचे फोटो त्याचा प्रोग्राम साफ करायचा. एका फोटोचे आठ वाटे करायचे, आठ कामगारांना द्यायचे, झालं की जोडायचे. सारं गाव त्याच्या ओटीवर. आमच्या लग्नाचा फोटो चिखलाने खाल्लेला, तोही उजळून आला. बायको तो बघत म्हणाली, "भावजींचं डोकं बघा. नायतर तुमी."

नायतर मी! पोलादपूरच्या घाटात तीस वर्षं मुकादमकी केली. माझ्या एका हाकेवर चाळीस माणसं खोरी उचलायची. ते काही तिने फ्रेम करून भिंतीवर लावलं नाही.

मग एकदा वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने गावासमोर प्रोग्राम चालवला. मशीन घुसमटलं. पडदा जागच्या जागी थिजला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

"ह्यात कामगार किती हायत रे?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे दाबून बघितलं. "दोन."

"आणि तू वाटे किती केलेस?"

"आठ. घरच्यावर आठ हायत ना, तसंच लिवलंय."

"अरे गाढवा, तुझ्या घरी आठ म्हणून जगात सगळीकडं आठ असतात काय? मुकादम आधी हजेरी घेतो, मग काम वाटतो!"

सारे हसले. शांताराम मान खाली घालून घरी गेला.

चार दिवसांनी परत आला. प्रोग्रामात एक ओळ वाढवली होती. ती ओळ आधी मशीनलाच विचारते, बाबा, तुझ्यात कामगार किती? मशीन सांगतं. मग तेवढेच वाटे. ते जुनं मशीन रडतखडत का होईना, चाललं. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या माझ्या बायकोच्या.

माझं नाव कुणी घेतलं नाही. त्याने तर नाहीच. अक्कल माझी, टाळ्या त्याला! दोन महिने त्याच्या दारावरून मान वळवून जात होतो. जेवताना मी तोच विषय काढला की बायको म्हणायची, "अवो, जळका वास येतोय. भाकरीचा नाय."

शेवटी एका दुपारी त्याच्यावर चालून गेलो. ओटीवर एकटाच होता. म्हटलं, "प्रोग्रामच्या आत काय लिवलंस ते दाखव. माझी चोरी मला बघू दे."

भांडेल वाटलं. तर हा गडबडून उठला, पंच्याने खुर्ची पुसली. "बस मुकादम. आतलं बघायचं हाय तुला? खरंच?" लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर इंग्रजीचं रान. मध्येच एका जागी त्याने बोट ठेवलं. त्या ओळीच्या डोक्यावर मराठीत लिहिलं होतं: आधी हजेरी, मग काम. ही अक्कल तुकाराम मुकादमाची.

"हे कधी घातलंस?"

"वाचनालयातनं आलो, त्याच दिवशी. ओळ नंतर जमली. तुझं नाव आधी टाकलं."

"मग गावासमोर बोललास का नाय?"

"म्हटलं, कोण तरी विचारील, शांताराम, आत काय हाय रे? मंग सांगीन. लोक येतात, फोटो बघून रडतात, मला चहा पाजतात. आत कोण बघत नाय. पोराला म्हटलं, दाखवतो, तर म्हणाला, छान बाबा, आणि फोन ठेवला."

दोन महिने पोसलेला राग, तो आता ठेवायचा कुठे? "बरं," म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता त्याच्याकडे गेलो. खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली आणि म्हणालो, "वाच. पहिल्या ओळीपासून सगळं. आणि भरभर नको, मी चौथी नापास माणूस हाय."