नानांचे सात कप

रोज सकाळी आमच्या वस्तीतल्या सात घरी चहा पिणारा माणूस मी एकच पाहिला, पाटलांच्या घरचे नाना. दूध नासलेलं असलं तरी त्यांची तक्रार नसे. फक्त कप दारात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा प्यायचा. कोणी थबकून पाहिलं की म्हणायचे, "कपले जात नही ऱ्हास." कपाला जात नसते, असं. पित्ताच्या गोळ्या खिशात असायच्याच.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. नाल्यापलीकडे गाव, अलीकडे आमची बौद्ध वस्ती. निवृत्त झाल्यापासून आमची एकही बैठक नानांनी चुकवली नाही. खुर्ची दिली तरी हट्टानं जमिनीवर बसायचे, मग उठवायला दोघं लागायचे. माईक मात्र सुटायचा नाही. पूर्वजांच्या चुकांची माफी मागण्यात पाऊण तास जायचा आणि आमचं म्हणणं राहून जायचं. माणूस लाखातला, पण मला वैताग यायचा.

यंदा विषय होता लग्नाच्या भांड्यांचा. गावानं वर्गणी काढून मोठी पातेली, कढया घेतल्या होत्या. वर्गणी वस्तीनंही दिली होती. पण आमच्याकडे लग्न निघालं की भांडी नेमकी आदल्या दिवशी बाहेर गेलेली असत. आता माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. नानांनी या अन्यायावर आमच्यापुढेच जोरदार भाषण ठोकलं. माझी आई शांतपणे म्हणाली, "नाना, हाई आमले माहीत शे. तुमना भाऊबंदस्ले सांगा."

त्यानंतर आठवडाभर नाना फिरकले नाहीत. रुसले असतील, असं आम्ही धरून चाललो.

ग्रामसभेत मात्र ते उभे राहिले. पूर्वजांचं नाव नाही, कपाचंही नाही. म्हणाले, "भांड्यांच्या खोलीची चावी आधी माझ्याकडे होती. भांडी बाहेर गेलीत, हे खोटं मीही सांगितलंय. या मास्तरच्या लग्नाला सांगितलं."

मास्तर म्हणजे मी. मला संताप आला, आणि तो बरेच दिवस गेला नाही. पण सरपंचांनी चावी टेबलावर ठेवली. बहिणीच्या लग्नाचं वरण गावाच्या पातेल्यात शिजलं.

नानांच्या मळ्यात दर हिवाळ्यात भरिताचा बेत असतो, सगळे भाऊबंद लोटतात. यंदा कोणी आलं नाही. आई मला ओढतच घेऊन गेली, मागून निम्मी वस्ती आली. नाना कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर चाळीस माणसांची वांगी एकटेच भाजत होते.

आई बसली. म्हणाली, "नाना, आज च्या तुमना हातना."

इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडचा चहा कधी प्यायलो नव्हतो. नानांनीही तो जन्मात कधी केला नव्हता. त्यांनी पहिला कप मला दिला. साखर घालायलाच विसरले होते.

मी आणखी एक कप मागितला.