उत्तरदाता क्रमांक बारा

व्यसनांवरचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि शनिवारी सकाळी लेकीने तो आईकडे तपासायला दिला, इथेच सगळं बिनसलं. आईने छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली होती. तिच्या लाल पेनातून चूक सुटणं अशक्य.

समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा सगळ्या बाजूंनी लेकीने दोन वर्षं व्यसनाचा पिच्छा पुरवला होता. मार्गदर्शक बाईंना मुलाखती बाराच हव्या होत्या, अकरा चालणार नव्हत्या. बारावा माणूस मिळेना, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी बाबा हळूच म्हणाले होते, "माझी घे. पण तुझ्या आईला कळता कामा नये." आईच्या लेखी त्यांची तंबाखू सव्वीस वर्षांपूर्वीच सुटली होती. लेकीने त्यांचं वय बदललं, पोस्टमनचा शिंपी केला, वर दोन मुलगे पदरात घातले. बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं, कारण उत्तरदात्याच्या शब्दांना हात लावायचा नाही असा नियमच होता.

दुपारी पानं परत आली. बाराव्या मुलाखतीत 'चोरून खातोय त्याला बावीस वर्षं झाली' या ओळीशेजारी समासात लाल अक्षरं होती: 'बावीस नव्हे, सव्वीस.' खाली आणखी एक दुरुस्ती: 'डबी औजारांच्या पेटीत फक्त रविवारी. एरवी जुन्या बुटात.'

लेक पानं घेऊन बाबांकडे धावली. "बाबा, आईने ओळखलं!"

"कसं काय?"

"दर दोन वाक्यांनी 'म्हणजे त्याचं काय आहे' कोण म्हणतं?"

"म्हणजे त्याचं काय आहे..." बाबांनी जीभ चावली. "काढून टाक ती मुलाखत!"

उत्तरदाता नाही म्हणाला की मुलाखत काढावीच लागते. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून लेकीला रडूच फुटलं.

"शेवटचं पान वाचलंत का?" आईने दारातून विचारलं.

शेवटी उत्तरदाता म्हणत होता, 'आता काही सुटेल असं वाटत नाही.' शेजारी आईचं अक्षर: 'सुटली आहे. आज एकविसावा दिवस. डबीत लवंगा.'

लेक बाबांकडे बघतच राहिली. "मग सांगितलं का नाहीत?"

"सव्वीस वर्षांपूर्वी सोडलेली तंबाखू आत्ता सोडली, हे कोणत्या तोंडाने सांगू?" बाबा ओशाळले. मग आईकडे वळून म्हणाले, "पण तुला कसं गं कळलं?"

"रोज डबी उघडून बघते. सव्वीस वर्षं." आईने पदराने डोळे टिपले. "आता नुसत्या लवंगा असतात, माहितीये मला. तरी हात जातोच."

बाबा एकदम खुलले.

"मग माझी काढच गं! बारावी हिची घे. हिचं अजून सुटलेलं नाही."