मणेरचाचांचा उजवा हात

आमच्या शिराळ्याच्या पेठेत बांगड्यांच्या एका दुकानावर गेल्या उन्हाळ्यात पाटी लागली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गरोदर महिलांनी आत येण्यापूर्वी कळवावे.'

अशी पाटी दवाखान्यात असली तर कोणी मान वर करून बघत नाही. बांगड्यांच्या दुकानावर लागली की सगळं गाव वाचतं. वाचूनही ज्या बायका कळवत नसत, त्यांना मालक स्वतः विचारत. बाईचा पाय पायरीवर पडतो न पडतो तोच बाबालाल मणेर गादीवरून डावा हात आडवा करून म्हणत, "दिवस गेल्यात का?" हे ते नव्या सुनेला विचारत, तिच्या सासूला विचारत आणि दुजाभाव नको म्हणून सासूच्या सासूलाही विचारत. पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या आक्का काठी टेकत आल्या, त्यांनाही विचारलं. आक्का म्हणाल्या, "व्हय बाबा, समदंच दिवस गेलं माझं." चाचा गंभीरपणे म्हणाले, "मग भायेरच बसा."

मी शेजारची. माझं ब्लाऊज, फॉल आणि पिकोचं दुकान. दोन दुकानांमध्ये प्लायवूडची एक भिंत, त्यामुळे त्यांच्याकडचं बोलणं मला ऐकावंच लागतं. मला तशी हौस नाही. पण मशीन चालू असलं की नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ते थांबवते.

मणेरचाचांना बाईचा चेहरा लक्षात राहत नाही, हात राहतो. एखादीचं नाव सांगितलं तर ते कपाळाला आठ्या घालून बसतात. मग आपण म्हणावं, तिचं अंगठ्याचं हाड जरा मोठं आहे. लगेच म्हणतात, "ती व्हय, मग तसं बोला की." एकदा एसटी स्टँडवर त्यांनी गाडीच्या खिडकीचा गज धरलेला हात बघितला आणि खालूनच ओरडले, "अगं सुमन, माहेरला चाललीस व्हय?" आतून सुमनच डोकावली. हातावर चटका दिसला, की बाईला काही न विचारता बरोबर आलेल्या सासूला विचारतात, "तवा कोण धरतंय वं तुमच्यात?" सासूबाई जराशा अवघडतात. बांगड्या भरून झाल्या की बायका त्यांना वाकून नमस्कार करतात, तसा रिवाजच आहे. पंचक्रोशीतल्या निम्म्या लेकींचा हिरवा चुडा त्यांनीच भरलेला. पोटुशी बाई आली की पूर्वी ते गादीवरचा तक्क्या काढून तिच्या पाठीला द्यायचे. असा माणूस पोटुशीला पायरीवर अडवायला लागला, तेव्हा गावात चर्चा होणारच.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या खोकल्यापासून. फाल्गुनात खोकला काही केल्या हटेना, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन काढून आणायला सांगितलं. त्यासाठी सांगली गाठावी लागते. चाची वारल्याला बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक यास्मिन तासगावला दिलेली. म्हणून बरोबर मी गेले.

तिथं स्कॅन काढणाऱ्या मुलीनं अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. चाचांच्या खिशांतून सेफ्टी पिना निघाल्या, जोडवी निघाली, पैंजणाचे घुंगरू निघाले, पितळी चिमटा निघाला. तिनं दिलेला ट्रे भरला. ती मुकाट्यानं दुसरा ट्रे घेऊन आली. मग तिनं त्यांच्या उजव्या हाताला सुई लावली आणि सांगितलं, "औषध आत जाताना अंग गरम होईल, घाबरू नका." आत मशीनमधून बाईचा आवाज येतो, श्वास घ्या, धरून ठेवा. चाचा रीतीभातीचा माणूस. बाई एवढं सांगतेय तर तिला उत्तर द्यायला नको का? त्यांनी श्वास धरला आणि "धरलाय" म्हणून सांगितलं. फोटो हलला, म्हणून पुन्हा काढावा लागला. दुसऱ्या वेळी त्या मुलीनं काचेपलीकडून हात जोडले, तेव्हा कुठं ते गप्प राहिले.

यास्मिनचा त्याच सकाळी गोड बातमीचा फोन आला होता, तिसरा महिना लागला म्हणून. त्यामुळे चाचा सांगलीहून परस्पर तासगावला गेले, मी एकटी परतले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन ते गावी आले. रिपोर्ट इंग्रजीत, त्यातलं मला 'चेस्ट' तेवढं कळलं. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "छातीत एक जुना, भरून आलेला डाग दिसतोय. लहानपणी कधी तरी काही होऊन गेलं असेल. फोटोत दिसतं ते सगळं लिहावंच लागतं. लिहिलं म्हणजे आजार असतोच असं नाही." खोकला पेट्यांतल्या धुळीचा निघाला. मला हायसं वाटलं. चाचांनी त्या डागाबद्दल एक शब्द विचारला नाही. माणूस छातीचा भलताच खंबीर आहे, असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं.

आठवडाभरात पाटी लागली. मी विचारल्यावर चाचांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं.

"वैनी, त्यांनी मला एकट्याला आत ठिवलं आन् समदी भायेर गेली. जाड दार लावलं. जे काय सुटलं त्ये कुणाला लागलं? मलाच की. आन् मला कळलं बी. ह्या हातातनं गरम गरम शिरलं, पार पायापतूर गेलं. त्ये बी दोनदा काढला, म्हंजी डबल. तितं भिताडावर पाटी हाय, गरवार बाईनं आत येऊ नगा. शिकलेली मानसं उगंच लावतील व्हय?"

"अहो, त्यांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं ना? म्हणजे जाणार ते."

"समदं जात आसतं का? तेलाची घागर कितीबी इसळा."

मी म्हटलं, असं काही अंगात राहत नसतं. ते म्हणाले, तुमाला कुणी सांगितलं? खरं म्हणजे मलाही कोणी सांगितलेलं नव्हतंच.

सुई उजव्या हाताला लागलेली, म्हणून तो हात सगळ्यात वाईट ठरला. उजवा हात ते खिशात ठेवायला लागले. ज्या बायकांना दिवस गेलेले नसत, त्यांनाही खबरदारी म्हणून डाव्या हातानं भरू लागले. डाव्या हाताला सवय नाही, त्यामुळे भरताना बांगड्या फटाफट वाढू लागल्या, गादीवर काचा पडू लागल्या. चाचा म्हणत, "माल खराब येतोय हल्ली." पोटुशी बाई आली तर तिला बाहेरच्या बाकावर बसवून लांबूनच डबा सरकवत आणि बरोबर आलेल्या बाईला भरायला सांगत. डोहाळजेवणाची गिऱ्हाइकं हळूहळू इस्लामपूरला जाऊ लागली. चाचांनी त्याचंही काही मनावर घेतलं नाही.

आषाढात यास्मिन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती यायच्या आदल्या दिवशी चाचांनी पाटी काढून आत ठेवली. मला वाटलं, सुटलं एकदाचं खूळ. पण त्याच दिवशी त्यांनी आपली वळकटी दुकानात आणली. "नागपंचमीचा माल आलाय, राखण पायजे," म्हणाले. काचेच्या बांगड्यांची चोरी आमच्या गावात कधी झालेली नाही. ती करायची तरी कशी, हा प्रश्नच आहे.

चाचांचं घर मशिदीमागच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर. घरी त्यांची थोरली बहीण यास्मिनचं सगळं बघत होती. चाचा मात्र लेकीशी दुकानातून फोनवर बोलत. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे सगळं मला भिंतीतून ऐकू येई. ती स्वतः डबा घेऊन आली की ते पेट्यांच्या मागं जात आणि तिथून सांगत, "बाकावर ठेव, मी माल लावतोय." ती थोडा वेळ उभी राही. मग जाई. ती गल्लीत वळेपर्यंत चाचा पेट्यांच्या फटीतून बघत राहत.

नागपंचमी तोंडावर आली तशी यास्मिन एक दिवस माझ्या दुकानात गाऊन सैल करून घ्यायला आली. बाकावर बसली आणि रडायलाच लागली.

"मावशी, मी आलेली अब्बांना नको हाय. येऊन म्हैना झाला, जवळ बी आले न्हाईत. आई असती तर असं झालं असतं का? परवा ह्यांना बोलवून घेतलंय. तासगावलाच हूं दे काय व्हायचं ते."

तासगावला सासू आजारी, घरात दुसरी बाई नाही. पोरीला आठवा महिना लागलेला. मी मशीन बंद केलं आणि पलीकडे गेले. सगळं भिंतीतून त्यांनी ऐकलं होतंच.

"जाऊ दे," चाचा म्हणाले. "माझ्यापासनं लांब असली की बरी."

मला असा संताप आला. "मग तिला खरं कारण तरी सांगा."

"न्हाई. पोटुशी हाय, मनाला लावून घील. तुमी बी सांगायचं न्हाई, माझी आण हाय."

मग मी म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीनं सांगली. ज्यांनी फोटो काढला त्यांनाच विचारू. ते नको म्हणाले. मी म्हटलं, तर मग आत्ता जाऊन यास्मिनला सांगते, गेली तुमची आण खड्ड्यात. सकाळी स्टँडवर चाचा माझ्या आधी येऊन बसले होते, उजवा हात खिशात.

रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चाचांचा फोटो पुन्हा पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, "डागाची काळजी वाटतेय का? तो जुना आहे, काही होत नाही."

"डाग ऱ्हाऊ दे बाई," चाचा म्हणाले. मग ते खाली बघून बोलायला लागले. "मी त्या दिवशी हितनं सरळ लेकीकडं गेलो. तुमची ती पाटी मी दुसऱ्या दिवशी वाचली, कागद न्यायला आलो तवा. आदल्या दिवशी नजरच गेली न्हवती. तोवर ह्याच हातानं तिला बांगड्या भरून झाल्या हुत्या. लय येळ धरला हुता तिचा हात. बातमी ऐकली आन् सोडवंच ना. आता पोराला काय झालं आसंल?"

मला इतके महिने वाटत होतं की पुढं काही होऊ नये म्हणून हा माणूस जपतोय. जे होऊ नये ते आपल्या हातून होऊन गेलं, असं धरून हा एकटा दुकानात झोपत होता.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "काही झालेलं नाही. खोलीतला दिवा बंद केला की उजेड मागं उरतो का?"

"न्हाई."

"तसंच आहे हे. मशीन बंद झालं की किरण संपले. तुमच्या अंगात काही राहिलं नाही, हातातही नाही. ती पाटी मशीन चालू असताना आत असणाऱ्या बाईसाठी आहे. स्कॅन करून घरी गेलेल्या माणसाला कुणीही शिवावं, पोटुशीनंही, तान्ह्या बाळानंही."

"मग तुमी समदी भायेर का पळता?"

"तुम्ही एका दिवसापुरते येता. आम्ही रोज इथंच असतो, सारखं कशाला अंगावर घ्यायचं? तुमच्यासाठीसुद्धा गरज असेल तरच काढायचा, उगाच नाही."

"आन् त्ये गरम?"

"ते औषध. शिरा नीट दिसाव्यात म्हणून देतात. त्यात किरण नसतात. लघवीवाटे दुसऱ्या दिवसापर्यंत निघून गेलं."

"माझा दोनदा काढला हुता."

"दोनदा दिवा लावला म्हणून उजेड उरतो का?"

चाचांनी विचार केला. "तिची सोनोग्राफी बी केलीया."

"ते आवाजावर चालतं. त्यात हे नसतंच."

"तरी बी?"

"तरी बी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चाचांनी खिशातून उजवा हात काढला, त्याच्याकडे बघितलं आणि त्याच हातानं डोळे पुसायला लागले. ते पुसून संपेनात. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

गावी स्टँडवर उतरल्यावर चाचा दुकानाकडे न वळता सरळ घरी गेले, आणि मीही मागोमाग गेले. यास्मिन बॅग भरत होती. चाचा दुकानात बसतात तसे तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हात दे."

तिनं दिला नाही. "आता कशाला?"

चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग मीच पहिल्यापासून सांगितलं. सुई, दार, पाटी, वळकटी, सगळं. यास्मिन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं दोन्ही हात बापापुढं धरले.

हात सुजले होते. फाल्गुनात भरलेल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, खाली लाल वळ उठले होते.

"येवढ्या रुतत्यात," चाचा म्हणाले, "तर वाढवल्या का न्हाईस?"

"तुमी भरल्या हुत्या."

चाचांनी बहिणीकडून साबणाचं पाणी मागवलं. तिची बोटं एकत्र दाबून, अंगठा आत मुडपून, उजव्या हातानं एकेक बांगडी उतरवायला लागले. एकही वाढली नाही. एक हात मोकळा झाल्यावर यास्मिननं त्या हातानं नवऱ्याला फोन लावला आणि परवा येऊ नका म्हणून सांगितलं. नवरा कारण विचारत होता, ते सांगायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात दुसऱ्या हातातल्या बांगड्या उतरून झाल्या होत्या, तरी तो हात चाचांनी सोडला नव्हता.