क्षुल्लक बोलणी खातं

प्रजा काय पुटपुटते हे कळल्याशिवाय राज्य चालत नाही, आणि कळलं तर राजाला झोप लागत नाही. म्हणून चीनच्या हान सम्राटांनी राजधानी छांगआनमध्ये 'क्षुल्लक बोलणी खातं' उघडलं. पंडित बोलतात ते थोर, गल्ली बोलते ते क्षुल्लक. ते वेचायला अर्थातच क्षुल्लक पगाराचे कारकून.

त्यांतला एक लुआन खाय. लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून खात्याने त्याला उंच काळी टोपी दिली होती आणि पुढे घंटा बडवणारा शिपाई. तो गल्लीत शिरला की सगळ्यांना एकदम हवामान आवडायला लागे.

"काय म्हणताय, काकू?" तो सोयाबीन आंबवून विकणाऱ्या थाव काकूंना विचारी.

"सम्राट दीर्घायू होवोत. आणि त्या मेल्याला सांग, घंटा जरा पलीकडे बडव. कोंबड्या अंडी देईनात."

(हे टिपण्याजोगं होतं, पण घंटेची तक्रार म्हणजे खात्याचीच तक्रार.)

खात्याचा नियम सरळ होता. ज्या गल्लीत कुणीच कुरकुरत नाही, तिथला कारकून झोपा काढतो; त्याला उत्तरेच्या सीमेवर धाडावं. तिथे थंडीने कान गळतात, असं लुआनने ऐकलं होतं. कान ही तर त्याच्या धंद्याची वस्तू. शेवटी त्याने बांबूच्या पट्टीवर लिहिलं : थाव काकूंच्या डुकराने करवसुली अधिकाऱ्याच्या मांडीचा चावा घेतला.

काकूंकडे डुक्कर नव्हतं.

दरबारातून उलट विचारणा आली : पुढे काय झालं? सोबत तपासनीसही आला.

"डुक्कर होतं?" त्याने भर गल्लीत विचारलं.

काकूंनी दोन्ही कान धरून उभ्या असलेल्या लुआनकडे पाहिलं. "होतं म्हणजे काय, साहेब! पण या टोपीवाल्याला धड लिहिता कुठे येतंय? मांडीला नाही, बुडाला चावलं!"

"शेपटी मी धरली होती," टोपल्या विणणारा वेई म्हणाला.

"तू? तू माझ्या पदराआड लपला होतास!"

मग खुद्द करवसुली अधिकाऱ्याला बोलावलं. एवढे साक्षीदार पाहून त्यालाही दुखायला लागलं.

लुआनचे कान वाचले. डुक्कर क्षुल्लक, पण अस्तित्वात, असा शेरा पडला. (आमच्या चिनी भाषेत कादंबरीला आजही 'क्षुल्लक बोलणं'च म्हणतात.) त्याच दिवशी कोठारं धान्याने ओसंडताहेत असे सुभेदारांचे अहवाल दरबारात पोचले. ते थोर असल्यामुळे थेट इतिहासात जमा झाले. कोठारांत डोकावायला कुणी तपासनीस गेला नाही.

आणि तुम्हालाही आत्ता डुकराचंच पुढे काय झालं ते हवंय.