वरच्या मजल्यावरचं विमान आणि खालची वीट

थांबणं ही चालण्यापेक्षा अवघड कला आहे, आणि ती शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकलेली माणसं समाजात फार थोडी. आमचे भावजी त्यांपैकी एक. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी विमा कचेरीत, पण ती पोटापुरती. खरं कार्यक्षेत्र घरातली मागची खोली. तिथे एक संगणक, एक दांडा, पायाशी दोन पेडल आणि एक मोठं प्रवासी विमान आहे (पडद्यावर). गल्लीत त्यांना ‘कॅप्टन’ म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता सवयीने म्हणतात.

इतर हौशी लोक विमान उडवतात. भावजी थांबवतात. “उडवायला काय लागतं? दांडा ओढला की झालं,” असं ते तुच्छतेने म्हणतात. त्यांचा अभ्यासविषय हायड्रॉलिक्स आणि ब्रेक.

सर्वसामान्यांच्या माहितीसाठी: त्यांच्या विमानात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तीन यंत्रणा आहेत. हिरवी, पिवळी आणि निळी. नेहमीचे ब्रेक हिरवीवर चालतात. हिरवीने मान टाकली की पिवळी धावून येते. पिवळीही गेली तर अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या डब्यात थोडा दाब राखून ठेवलेला असतो, त्यावर पाच-सात वेळा ब्रेक दाबता येतो. विमान उभं करून ठेवलं की हा दाबसुद्धा हळूहळू उतरतो, म्हणून चाकाला अडसर लावल्याखेरीज वैमानिकाने जागा सोडू नये. (भावजी सोडत नाहीत. ताईला दारात येऊन “अडसर लावला” असं म्हणावं लागतं, मगच ते जेवायला येतात. एकदा ती नुसतं “आमटी निवतेय” म्हणाली, तर आमटी निवली.)

या अभ्यासाचं फळ डोळ्यांत भरण्यासारखं आहे. हिरवी यंत्रणा त्यांनी आजवर शेकडो वेळा मुद्दाम बंद पाडली. दगावलेले प्रवासी शून्य. घरातल्या शंभर टक्के माणसांना अ‍ॅक्युम्युलेटर कळतो, त्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईही आल्या. असं घर शोधून सापडायचं नाही.

याच कुटुंबाकडे एक मोटारही आहे. ती खाली, उताराच्या गल्लीत उभी असते. तिचा हातब्रेक ओढला की वर येतो, एवढंच. पायाचा ब्रेक दाबला की पेडल पार तळाला जातं आणि तिथे स्वस्थ बसतं. म्हणून गाडी गिअरमध्ये उभी करून पुढच्या चाकाखाली एक वीट ठेवलेली असते. ताई बसायची, न्यूट्रल करायची, गाडी सुरू करायची, आणि तिने मान हलवली की वीट काढायची, हे माझं खातं. मी हे काम निष्ठेने केलं आहे.

ताईला गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं. ती काम करायची त्या रुग्णालयाच्या नव्या शाखेत तिला मुख्य परिचारिकेची जागा देऊ केली होती, पण सकाळच्या पाळीला तिकडे बस जात नाही. महिनाअखेर परवाना दाखवला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. चालकाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा चढावर, गाडी मागे घसरल्यामुळे. परीक्षक म्हणाले, “बाई, तुम्ही ठीक चालवता हो, पण तुमची गाडी थांबत नाही.”

“अहो, ब्रेकचं तेवढं बघा ना,” ताई म्हणाली.

“अगं, आधी समजून घ्यायला नको का? गळती आहे, की हवा शिरलीय, की तेलच कमी आहे?”

“मग घ्या समजून.”

“रविवारी.”

मेकॅनिकला बोलवायचा प्रस्ताव मी मांडला होता. तो फेटाळण्यात आला. अर्धवट माहितीच्या माणसाच्या हाती हायड्रॉलिक्स देणं भावजींच्या तत्त्वात बसत नाही. ब्रेकचं तेल मात्र त्यांनी तातडीने आणलं. ती बाटली मागच्या खोलीत दांड्याशेजारी मांडून ठेवली होती. वातावरणनिर्मितीसाठी.

तिसऱ्या परीक्षेची सकाळ. ताई गाडीत बसली, आरसा ठीक केला, क्लच दाबला, न्यूट्रल केलं. मी माझ्या खात्याच्या कामासाठी वाकलो. वीट नव्हती. मी वाकलेलाच असताना चाक माझ्या नाकासमोरून पुढे गेलं.

ताईने ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं. तिने हातब्रेक ओढला. तो वर आला. “अहो!” ती ओरडली. वरच्या खिडकीतून भावजींचा आवाज आला, “एक मिनिट गं, लँडिंग चाललंय!” गाडी उतारावरून इस्त्रीवाल्याच्या टेबलाकडे निघाली होती, आणि इस्त्रीवाला हातातला सदरा टाकून पळत होता. मी मागून “अगं थांब, थांब!” असं ओरडत धावत होतो (हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या अचूक होता). ताईने दात-ओठ खाऊन पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

मग ताई वर गेली. मी मागोमाग. मागच्या खोलीत पेडल आणि भिंत यांच्यामध्ये आमची वीट बसवलेली होती. जोरात ब्रेक दाबला की पेडल फरशीवरून सरकायचं, म्हणून भावजींनी सकाळीच ती वर नेली होती. हिरवी गेली होती, पिवळी गेली होती, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये एकच ब्रेक उरला होता, आणि समुद्र धावपट्टीला लागून होता.

ताईने वीट उपसली. पेडल सरकलं. विमान समुद्रात गेलं.

“अगं बाई, एकशे ऐंशी माणसं होती!” भावजींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“आणि मी?” ताई म्हणाली. तिने दुसऱ्या हातात बाटली उचलली आणि विचारलं, “हे कुठे ओतायचं?”

“इंजिनाच्या मागे डावीकडे पांढरी डबी आहे. वरच्या रेघेपर्यंत भर, मग पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा.” हे ते डोळे पुसत, न अडखळता बोलले. डबी नेमकी तिथेच होती, जवळजवळ कोरडी. तेल भरायला एक चहा पिण्याइतका वेळ लागला. ताई चढावर थांबली आणि पास झाली. पेढे वाटताना भावजी सगळ्यांना सांगत होते, “शेवटी मूलभूत गोष्टी समजलेल्या असल्या की अडत नाही.” हातब्रेकचा अभ्यास सध्या सुरू आहे.

आता तुम्ही भावजींना हसाल. जरूर हसा. मात्र एवढ्या वेळात विमानाच्या तिन्ही यंत्रणा तुम्हाला रंगांसकट पाठ झाल्या, आणि स्वतःच्या गाडीतली ती डबी कुठे असते ते अजून माहीत नाही. भावजींना निदान ते माहीत होतं. आणि हो, मघाशी आतून कोणीतरी तुम्हाला हाक मारली. तुम्ही म्हणालात, “आलोच, एवढं पान संपवतो.” कशासाठी बोलावत होते, ते ऐकलंत का?