येन शौपिंग यांची रजई आणि पिवळ्या श्वानाचे दहा दिवस

हकीकत ऐसी की, सिचुआन प्रांती, मिन नदीचे काठी, जुन्या सूतगिरणीची जी कामगार वसाहत, उंबरे चारशे बारा, तेथील रहिवासी समितीचे अध्यक्ष राजमान्य लुओ देशेंग यांनी जिल्ह्याचे हुजुरास अहवाल गुजराणिला तो ऐसा: वसाहतीत पिसाळलेले श्वान शिरले, तोंडास फेस होता, आभाळाकडे पाहून भुंकत होते, वाळत घातलेली रजई चाटून त्याने विष पेरिले, परंतु समितीने दहा दिवस अहोरात्र झुंज देऊन संकट निवारिले, एकही मनुष्य दगावला नाही. अहवाल शिक्क्यानिशी दप्तरी दाखल आहे, सबब त्याची चिकित्सा करणे प्राप्त.

एकही मनुष्य दगावला नाही, हे खरेच. हत्तीच्या पायीही कोणी गेले नाही. त्याचे श्रेय समितीने का सोडिले, कळत नाही. आभाळाकडे पाहून भुंकणे, तर त्या मुलखी हिवाळ्यात सूर्यदर्शन हाच नवलाचा प्रकार, आणि सूर्य उगवला की तेथील श्वाने त्यावर भुंकतात, हे त्या देशीची म्हण शतकानुशतके सांगते. सतरा दिवस ढग राहून त्या सकाळी ऊन पडले, तेव्हा अवघी वसाहत रजया खांद्यावर टाकून ओरडत अंगणात धावली. त्या वसाहतीस पिसाळलेली कोणी म्हटले नाही. अहोरात्र झुंज म्हणावी, तर समिती जेवणोत्तर दोन तास निजते. राहिला फेस. त्याचा जबाब शेवटी येईल.

त्या दिवशी येन शौपिंग, वय एकाहत्तर, गिरणीचे निवृत्त बॉयलर तपासनीस, ज्यांनी तीस वर्षे काय कोठे फुटेल याखेरीज दुसरा विचार केला नाही, त्यांची रजई वसाहतीच्या दरवाजापाशी बुटक्या भिंतीवर वाळत होती. मग कुटुंब तान सूछिन यांनी ती वर आणिली, आणि येन पांघरून निजले, आणि रजईचा ओला कोपरा त्यांच्या थंडीने भेगाळलेल्या टाचेस लागला. मग दरवाजावरून बातमी आली की पिवळे बेवारशी श्वान फेसाळल्या तोंडाने त्याच भिंतीपाशी देखिले. ऐकताच येन यांनी तातडीने समितीस अर्ज केला की श्वानाचा बंदोबस्त व्हावा. अर्ज हाती पडताच लुओ साहेबांचे मुख उजळले, ही गोष्ट तेव्हा कोणी ध्यानी घेतली नाही.

तान सूछिन म्हणाल्या, "तीस वर्षांत एक बॉयलर फुटला नाही तुमचा. आता टाच फुटणार होय?"

येन तडक दवाखान्यावर चालून गेले आणि डॉक्टर पू, नात शोभेल अशा वयाच्या बाई, यांस पिसाळरोगावरील पाचही सुया आजच टोचाव्या म्हणून साकडे घातिले. बाईंनी टाच पाहिली, रजईची हकीकत दोनदा ऐकिली.

"आजोबा, कुत्रा तुम्हाला शिवलासुद्धा नाही. टोचायचंच तर रजईला टोचते."

"आणि विष अजून जिवंत असेल तर?"

"उन्हात वाळत्या कापडावर ते टिकत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर कुत्र्यावर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला, म्हणजे त्याच्या लाळेत त्या दिवशी काही नव्हतं. मग तरी झोपाल ना?"

येन घरी परतताना अर्ध्या वाटेत थबकले. श्वान जगले तर आपण जगलो. आणि श्वानास धरून नेण्याचा हुकूम आपल्याच अर्जावर सुटलेला. नेल्यावर ते रोगाने मेले की काठीने, कोण सांगणार? मग धावत समितीत गेले, अर्ज परत मागितला. लुओ साहेबांनी फर्माविले की कागद वर गेला, वर गेलेला कागद खाली येत नाही.

चौथे दिवशी धरपकडीची फौज, असामी चार, जाळी व काठ्यांसह दरवाजावर उतरली. तेव्हा येन यांनी शिरी मोटारसायकलचे शिरस्त्राण, अंगी पावसाळी कोट, हाती कुटुंबाचे भांडी घासण्याचे रबरी मोजे ऐसा सरंजाम करून, श्वानास मांसाच्या तुकड्याने भुलवून पाठीवरच्या बांबूच्या हाऱ्यात घातिले. आणि वर झाकावयास दुसरे काही न मिळाल्याने, ज्या रजईच्या भयाने तीन रात्री डोळा लागला नव्हता, तीच रजई पसरली. मग फौजेच्या मधून निघाले.

"आजोबा, पाठीवर काय?"

"रजई."

"हलतेय ती."

"कुत्र्यानं चाटलेली आहे. तेव्हापासून अशीच हलते. हात लावून बघतोस?"

चौघेही भिंतीस पाठ लावून उभे राहिले, आणि खाशी स्वारी पार झाली.

मग सज्जात श्वानाची छावणी पडली. रोज सकाळी येन एक वाटी पाणी श्वानापुढे ठेवीत व एक पेला आपण घेत, कारण हा रोग पाण्याचे भय घालितो. श्वान लपालपा पीत असे, येन यांच्या घशात मात्र भयानेच घोट अडकत असे. नववे दिवशी श्वानाने अन्न सोडिले. येन यांनी दौत घेऊन मृत्युपत्र आरंभिले. तान सूछिन यांनी सज्जात डोकावून म्हटले, "हिवाळ्याचं धुरी दिलेलं तिखट मांस सगळं त्याला चारलंत. मी असते तर मीही आडवी झाले असते." सांजेपर्यंत श्वान उठून पुन्हा मांस मागू लागले, आणि मृत्युपत्र चुलीत गेले.

दहावे दिवशी श्वान शेपूट हालवीत उभे. येन यांनी रबरी मोजा उतरविला, उघडा हात त्याचे मस्तकी ठेविला, आणि मग दोघे जिने उतरून अंगणात आले. तेथे समितीचा विजयसमारंभ चालला होता. लाल फलक लागला होता, आणि लुओ साहेब एका हाती भाषण, दुसऱ्या हाती सोयाबीनचे ऊन दूध घेऊन उभे होते. श्वानाने जुनी ओळख असल्यासारखी झेप घेतली, पेला पाडिला, सांडलेले दूध चाटिले, आणि मान वर केली तो तोंडभर पांढरा फेस. अंगण मागे सरले. येन सरले नाहीत. बॉयलरचा काटा पाहावा तसे टक लावून पाहत राहिले. तान सूछिन यांनी वाकून फेसाचा वास घेतला.

"लुओ साहेब, रजईचा कोपराही हाच वास मारत होता. त्या सकाळी पेला कुठं टेकवला होता हो?"

येथे नोंद करणे ती ऐसी: मोहीम फत्ते जाहली, श्वान एक, टाच एक, रजई एक, तिन्ही सलामत, फत्तेचा मान येन शौपिंग यांजकडे, समितीकडे नव्हे. अध्यक्षांचा जबाब चारशे बारा उंबऱ्यांसमक्ष जाहला, तो अक्षरशः ऐसा:

"दूध माझंच सांडलं रजईवर. ते चाटताना कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, तेही मी उभ्या उभ्या पाहिलं. येनदादांना सांगणारच होतो. पण महिन्यातून एक तरी धोका वर कळवावा लागतो, आणि या महिन्यात आपल्याकडं दुसरं काहीच झालं नव्हतं."